आधी गोळा, मग मान

मी चित्र काढायला शिकले ते चाव्यांमुळे. राहात्याच्या एका माध्यमिक शाळेत मी वरिष्ठ लिपिक आहे आणि शाळेतल्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या माझ्या ताब्यात असतात. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी रविवारी सकाळी एक खोली मागितली. मोठ्या माणसांना चित्र शिकवायचं त्यांच्या मनात होतं. मुख्याध्यापकांनी होकार दिला, पण कार्यालयातलं कोणीतरी खोली उघडायला, बंद करायला आणि मधल्या वेळात हजर राहायला हवं, अशी अट घातली. कोणीतरी म्हणजे मी, हे आमच्या शाळेत विचारावं लागत नाही.

पहिले काही रविवार मी मागच्या बाकावर बसून आठवड्याच्या कामांची यादी केली. मला याद्यांची सवय आहे. किराणा, घरातल्या दुरुस्त्या, कोणाकडे कोणतं कार्य, कोणाला फोन करायचा राहिला. यादी नसली की मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. एका रविवारी सर माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, यादी झाली असेल तर त्याच कागदाच्या मागे एक अंडं काढा."

"मला चित्र येत नाही, सर."

"चित्र कोण म्हणालं? अंडं म्हणालो."

मी अंडं काढलं. मग त्यात नेहमीच्या सवयीने दोन डोळे काढायला घेतले, तर त्यांनी पेन्सिलच माझ्या हातातून काढून घेतली. वर्गातल्या सगळ्यांची हीच चूक होत होती. आपल्याकडे माणूस काढायला बसला की पहिल्यांदा डोळे काढतो, मग पापण्या, मग बायकांना कुंकू आणि पुरुषांना मिशा. त्यानंतर डोकं या सगळ्याभोवती कसंबसं बसवायचं. सर म्हणायचे, "गणपतीच्या कारखान्यात तुम्ही दरवर्षी जाता. मूर्तीचे डोळे कधी आखतात? अगदी शेवटी. आधी मातीचा गोळा असतो. मग माणसाच्या वेळीच एवढी घाई कशाला?"

त्यांची पद्धत साधी होती. डोकं म्हणजे गोळा. लाडू वळताना दोन्ही तळहातांत जरा दाबला जातो, तसा हा गोळा दोन्ही कानांच्या बाजूंनी किंचित चपटा. त्याला पुढून खाली जबडा जोडायचा. मान म्हणजे पाइपाचा तुकडा, जरा पुढे कललेला. छाती म्हणजे पालथी टोपली. कंबरेचं हाड म्हणजे घमेलं. टोपली आणि घमेलं यांच्यामध्ये फक्त कणा. हात-पाय म्हणजे पुन्हा पाइप. नाक-डोळ्यांचं नाव काढायचं नाही.

हे सगळं मला आवडलं, कारण हे मला कळलं. भांडी, डबे, टोपल्या, कोणतं कशात बसतं आणि कशावर राहतं, यातच माझं आयुष्य गेलं आहे. पण मला खरोखर जे धरून ठेवलं ते दुसरंच होतं. गोळा काढून झाला की सर त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक उभी रेघ मारायला सांगत. ही चेहऱ्याची मधली रेघ. ती सरळ मारली की कागदावर नुसतं वर्तुळ राहतं. तीच रेघ जराशी बाकदार करून एका कडेला सरकवली की गोळा वळतो. खरंच वळतो. नाक नाही, डोळे नाहीत, आणि तरी कोणीतरी मान वळवून खिडकीबाहेर बघतंय असं दिसतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि बोटाने कागद चाचपला. सपाटच होता. मी इकडे तिकडे पाहिलं. बाकीचे आपापल्या कागदांवर वाकले होते. अशी गोष्ट जगात होती आणि मला ती पन्नाशीला आल्यावर कळत होती.

त्यानंतर काही महिने मला माणसं दिसेनात, गोळे आणि टोपल्या दिसू लागल्या. कोपरगावच्या बसमध्ये पुढच्या बाकांवरची डोकी, बाजारात ओझं घेऊन चाललेल्या बायका, शाळेच्या प्रार्थनेला उभी पोरं. एका पायावर भार टाकला की घमेलं एकीकडे झुकतं आणि टोपली त्याच्या उलट दिशेला, म्हणजे माणूस पडत नाही. हे कोणाला शिकवावं लागत नाही. तान्ही पोरंही उभी राहायला लागली की हेच करतात. मी प्रार्थनेच्या ओळी बघत उभी राहायचे आणि मला त्या शेकडो शरीरांचं नवल वाटत राहायचं. मुख्याध्यापकांना वाटायचं, मी गणवेश तपासतेय.

आमची पेरूची बाग आहे. माझे यजमान दुपारी बागेतून आले की पंख्याखाली कॉटवर आडवे होऊन टीव्ही बघतात. एकदा मी त्यांना काढत होते.

"काय चाललंय?" ते म्हणाले.

"तुम्हाला काढतेय."

"बघू." त्यांनी कागद घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. "अगं, हे घमेलं आहे."

"ते तुम्हीच."

"आणि तोंड कुठंय?"

"तोंड अजून शिकवलं नाही."

"बरं झालं. बिनतोंडाचा नवरा तुला पहिल्यापासून हवाच होता."

आमची मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी जामखेडहून आमच्याकडे आली होती. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, कागदाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "अगदी पप्पा!" ना चेहरा, ना मिशी, ना चष्मा. नुसते तीन आकार आणि त्यांच्यातला कल. आणि लेकीला तिचा बाप ओळखू आला. मी तो कागद जपून ठेवला आहे.

मुलगी बाळंत झाली तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं होतं. आकारांची भाषा एकदा कळली की ती कुठेही बंद करून ठेवता येत नाही. एवढा गोळा त्या घमेल्यातून बाहेर येतो, हे मला पहिल्यांदा नीट समजलं. मी स्वतः एका मुलीला जन्म दिला आहे, पण तेव्हा समजलं नव्हतं. नर्सने नात माझ्या हातात दिली तेव्हा तिचं डोकं मागे निमुळतं झालेलं होतं. "कवटीची हाडं एकावर एक सरकतात, तेव्हाच बाळ बाहेर येतं. चार दिवसांत जागेवर जातील," ती म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. मी मात्र तिथेच. टाळूवरची कातडी श्वासासारखी वरखाली होत होती. सरांचा गोळा पेन्सिलीचा होता. हा माझ्या तळहातात धडधडत होता.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे सगळं सुरू झालं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. त्यांचा हात आमच्या भागात प्रसिद्ध. तेल लावून बाळाचं डोकं दोन्ही हातांनी दाबून गोल करायचं, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, हे सगळं त्या अभिमानाने करत.

"तुमच्या गल्लीतली निम्मी डोकी माझ्या हातची हायती, ताई. सरपंचाचं डोकंबी मीच गोल केलंय."

"मग ते आतून रिकामं कसं राहिलं?" यजमानांनी विचारलं.

"आत भरायचं काम माझं न्हाई, दादा."

मी मोहरीची उशी शिवली. तीही आमच्याकडची पद्धत. पिशवीत मोहरी भरायची, मध्ये खळगा ठेवायचा, म्हणजे बाळाचं डोकं गोल राहतं. कोणी शिकवलं म्हणून नाही, आईने माझ्यासाठी केली होती म्हणून मी मुलीसाठी केली आणि आता नातीसाठी केली.

एवढं सगळं करूनही दुसऱ्या महिन्यात नातीचं डोकं मागून उजवीकडे बसायला, चपटं व्हायला लागलं. सुरुवातीला मी आणि मुलगी, दोघीही एकमेकींच्या नकळत पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत होतो. मग मी घरात नियम केले. डाव्या कुशीवर निजवायचं, मागे कपड्याची गुंडाळी लावायची, कोणी कधी बघायचं तेही ठरवलं. पाच मिनिटांनी बघावं तर तोंड पुन्हा उजवीकडे.

तिसऱ्या महिन्यात विहीणबाई आल्या, लेकीला आणि नातीला न्यायचा दिवस ठरवायला. त्या शेतात राबलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई आहेत. आल्या आल्या चहाच्या आधी नातीला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं आणि सगळ्याच बायका फिरवतात तसा डोक्यावरून हात फिरवला. हात एका जागी थांबला.

"विहीणबाई, हे उजव्या अंगानं बसलंय की."

"हो, थोडं झालंय. आम्ही कूस बदलतोय—"

"थोडं? ह्यो बघा, कानबी पुढं आलाय." त्यांनी नातीला माझ्यासमोर धरलं. "आमच्याकडं कोयत्यावर जाणाऱ्या बाया लेकरं उसाच्या फडात पाचटावर टाकत्यात. दिवसभर बघायला कुणी नसतंय. त्यांच्याबी पोरांची डोकी अशी होत न्हाईत. तुमच्याकडं तर गादी हाय, पाळणा हाय."

मग त्या माझ्या मुलीकडे वळल्या. "तू एका हातात मोबाईल घेऊन एकाच अंगावर पाजत असशील. पोरीची जात हाय. उद्या दोन वेण्या घालायला डोकं सरळ नको का?"

पुढच्या महिन्यात न्यायला येते, तवर बघा काय हुतंय का, असं सांगून त्या गेल्या. मुलीने नातीला टोपडं घातलं आणि ते काढेनाशी झाली. उन्हाळ्याचे दिवस, नातीच्या कपाळावर घामोळं आलं, तरी टोपडं तसंच. शेजारणी बाळ बघायला आल्या तर मुलगी ती झोपलीय म्हणून सांगायची. एका दुपारी मला म्हणाली, "आई, खरंच मी केलं का गं हे? मी उजव्या अंगावर घेते तेव्हा ती रडते, म्हणून मी घेत नव्हते."

मला उत्तर माहीत नसलं की मी काहीतरी करायला घेते. मावशी म्हणत होत्या, जोर लावून दाबलं तर गोल होईल, आणि रोज सकाळी नात किंचाळत होती. दाबण्याचा उपयोग होतोय की नाही, हे मला आधी बघायचं होतं. टेप लावून डोक्याचा घेर मिळतो, आकार मिळत नाही. आकार बघायला मला एकच मार्ग येत होता. उन्हाळी सुट्टीत कार्यालय सकाळपुरतंच असायचं. मी ठरवलं, दुपारी नात झोपली की रोज तिचं डोकं काढायचं.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात शांत दुपारी होत्या. मुलगी आत झोपलेली, पंख्याचा आवाज, आणि माझ्यासमोर एक एवढंसं माणूस. मोठ्यांच्या डोक्यात डोळे बरोबर मध्यावर येतात. सरांनी सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं, आरशासमोर उभं राहून हाताने मोजून पाहिलं होतं. पण नातीच्या डोक्यात डोळे मध्याच्या बरेच खाली. सगळा चेहरा खालच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला आणि वर नुसतं मोकळं आभाळासारखं कपाळ. खांदे डोक्यापेक्षा जेमतेम रुंद. मान तर जवळजवळ नाहीच, गळ्याच्या वळ्यांत कुठेतरी दडलेली. एवढं मोठं डोकं घेऊन हे माणूस उद्या चालणार, म्हणजे आधी बाकीचं सगळं शरीर त्या डोक्याला गाठायला धावणार. मी एकीकडे पेन्सिल चालवायचे आणि एकीकडे नवल करत बसायचे.

चित्रं मात्र बिघडत होती. आधी गोळा, मग मधली रेघ, मग मान, या क्रमानेच मी जायचे. पण दर वेळी मान तिरकी यायची. डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी उजवीकडे गेलेली. मला राग यायचा. मान दोन खांद्यांच्या मधून निघते, हे मला पाठ होतं. मी खोडरबर घ्यायचे, तिरकी रेघ पुसायचे आणि नीट सरळ काढायचे. हनुवटीही मध्ये आणून ठेवायचे. वाटायचं, मी दारापाशी एकाच जागी खुर्ची टाकून बसते, म्हणून हाताला खोड लागली असेल.

रविवारी ते सगळे कागद मी सरांकडे नेले. मला फक्त विचारायचं होतं की चपटी झालेली बाजू छायेने कशी दाखवायची. सरांनी एकेक कागद खिडकीच्या उजेडाला धरला. पुसलेल्या पेन्सिलीचे वळ कागदावर उठले होते.

"हे काय पुसलंत?"

"मान वाकडी आली होती."

"यात पण?"

"हो. सगळ्यातच."

"एकाच बाजूला?"

"एकाच. हाताला खोड लागलीय बहुतेक."

सरांनी माझी वही मागे उलटली. यजमानांचं चित्र, बसमधली डोकी, शाळेच्या प्रार्थनेची घाईत काढलेली ओळ. सगळ्यांवरून नजर फिरवून ते म्हणाले, "यात तर तुमच्या हाताला काही खोड दिसत नाही." मग नातीचा कागद पुन्हा वर धरून, "बाई, नातीची मान वाकडी येते, की ती वाकडी आहे?"

मी त्यांच्या हातातून कागद घेतले आणि पुसलेले वळ एकेक करून पाहिले.

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "पण घरी जाऊन तिला डावीकडून हाक मारून बघा."

शाळेच्या चाव्या मी तशाच त्यांच्या हातात दिल्या आणि रिक्षाने घरी आले. नात जागी होती, पाळण्यात हात-पाय हलवत होती. मी डावीकडे गेले आणि वाटीवर चमचा वाजवला. तिचे डोळे आवाजाकडे आले, अगदी कोपऱ्यापर्यंत आले. डोकं आलं नाही. मी पुन्हा वाजवला. तिने सगळं अंग उचललं, खांदा उचलला, चेहरा लालबुंद केला, माझ्याकडे बघायची तिची केवढी धडपड. पण मान डावीकडे वळेना. उजवीकडून वाजवला तर क्षणात वळली आणि हसली.

यजमान दारात उभे राहून बघत होते. एरवी प्रत्येक गोष्टीवर त्यांचं काहीतरी असतं. त्या वेळी त्यांनी नुसती गाडीची किल्ली घेतली.

लहान मुलांचे डॉक्टर नगरला होते, रविवारीही बघायचे. त्यांनी नातीला उताणं ठेवलं आणि मानेच्या डाव्या बाजूने हळू बोट फिरवलं. मग माझ्या मुलीचं बोट धरून तिथे लावलं. "इथे गाठ लागते का, हरभऱ्याएवढी?"

गाठ हा शब्द ऐकून मुलगी खुर्चीत बसली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि सावकाश सांगितलं. मानेचा एक स्नायू कानामागून छातीच्या हाडापर्यंत जातो. तो डावीकडे आखडला होता, त्यामुळे डोकं डावीकडे झुकत होतं आणि तोंड उजवीकडे फिरत होतं. म्हणून ती कायम उजवीकडेच बघत झोपायची आणि म्हणून तेवढी बाजू बसली. गाठ त्या स्नायूचीच, घाबरायची नव्हे. खात्रीसाठी त्यांनी सोनोग्राफी करून घेतली.

"म्हणजे माझ्या पाजण्यामुळे—" मुलगी म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही. हे बहुतेक पोटात असल्यापासूनचं आहे. जागा कमी, मान एका बाजूला दुमडून राहिली असेल. तुम्ही उजव्या अंगावर घेतलं की ती रडायची, बरोबर? तेव्हा तिला डावीकडे वळावं लागतं आणि तेच येत नव्हतं."

मुलीने नातीचं टोपडं काढलं आणि मांडीवर ठेवलं. बराच वेळ ती त्या उघड्या डोक्यावर गाल टेकवून बसली होती.

शेजारच्या खोलीत एका बाईंनी आम्हाला व्यायाम दाखवले. मान कशी धरायची, किती हळू वळवायची, जागेपणी आपल्यासमोर पालथं कसं घालायचं. मोहरीची उशी बंद, डोकं दाबणं बंद. परतताना कोल्हारच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती आणि मी मागच्या सीटवर झोपलेल्या नातीकडे बघत होते. मनातल्या मनात मी तिचं पोटात असतानाचं चित्र काढत होते. घमेल्यात बसलेला गोळा, त्याला चिकटलेली इवलीशी टोपली, दुमडलेले पाय आणि मान एका बाजूला मिटलेली. कोणी बघायला नाही, उजेड नाही, आणि तिथे महिनोन्महिने एक आकार घडत होता. आमच्या घरात त्यासाठी कोण कोणाला बोल लावत होतं!

मग काम सुरू झालं, आणि काम म्हटलं की मी ठीक असते. पाळणा फिरवला, म्हणजे दार आणि उजेड नातीच्या डावीकडे आला. घरात येणाऱ्याने डावीकडूनच यायचं. दूधवाला उजवीकडून बोलला तर यजमान त्याला ओढून दुसऱ्या बाजूला उभा करायचे. मावशी रुसल्या.

"मला आधी सांगितलं असतं तर मानच चोळून दिली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं, मावशी," यजमान म्हणाले.

मी रोजचं चित्र चालू ठेवलं, आता खोडरबर न घेता. मानेचा कल जसा दिसेल तसा. आठवडे जात होते आणि फरक इतका थोडा होता की कधी वाटायचं, आपणच मनाने सरळ काढतोय.

विहीणबाई ठरल्याप्रमाणे आल्या. फोनवर मी सांगितलं होतं, पण त्यांचा आवाज संशयी होता. गाठ हा शब्द त्यांच्याही मनात बसला होता. मी कागद कॉटवर पसरले.

"हे काय, नारळ?"

"तुमची नात."

"हिला डोळे न्हाईत का?"

मग मी त्यांच्यासमोरच काढलं. गोळा, मधली रेघ, मानेचा पाइप आणि तो डावीकडून ओढणारा एक दोर. त्यांनी बोट त्या दोरावर ठेवलं, मग तेच बोट नातीच्या मानेवर नेलं. गाठ लागली तसा हात मागे घेतला. पुन्हा ठेवला.

"पोटातनंच हुतं म्हंता?"

"डॉक्टर म्हणाले तसं."

मला वाटलं, आता मुलीला काही बोलतील. त्या तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू आधी उठून भाकर खा. वाळलीयस किती." आणि मला म्हणाल्या, "दाखवा, मान कशी धरायची ती."

ते शिकवणं सोपं नव्हतं. नात रडली की "लेकराला छळायचं म्हंजी," त्या पुटपुटायच्या आणि सोडून द्यायच्या. मला मनातून धाकधूक होती. मुलगी सासरी गेल्यावर हे कोण करणार, शेताची कामं, येणारे-जाणारे. गाडी निघाली तेव्हा मी मुलीला कपडे, औषधं सगळं दिलं, पण रोजचा व्यायाम पिशवीत भरून देता येत नाही.

दिवाळी झाल्यावर मी जामखेडला गेले. फाट्यावरून चालत आले तर अंगणात गोधडीवर नात बसली होती. बसली होती! माझ्याकडे पाठ. मी तिथेच थांबले. पाठमोरं बाळ मी पहिल्यांदाच बघत होते. छोटं घमेलं जमिनीवर भक्कम, त्यावर टोपली, त्यावर मान आणि सगळ्यात वर तो केवढा तरी मोठा गोळा, आणि हे सगळं एकावर एक तोललेलं. कुठेही न धरता, आपलं आपण. उजवी बाजू अजून जराशी बसकी दिसत होती. पण मान खांद्यांच्या मधून निघत होती.

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या विहीणबाईंनी मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग हाताने खूण केली, डाव्या अंगाला या. मी चप्पल काढून, भिंतीच्या कडेने, नातीच्या डावीकडे जाऊन उभी राहिले.

"आता हाक मारा," त्या म्हणाल्या.

मी हाक मारली. ती वळली. खांदा न उचलता, अंग न उचलता, हनुवटी थेट डाव्या खांद्यापर्यंत नेली आणि माझ्याकडे बघत राहिली. कोण आहे हे तिला बहुधा कळलं नसावं.

"घुबडावानी फिरवती आता," विहीणबाई म्हणाल्या. "सकाळी मी, दुपारी हिची आई, सांजच्याला पुन्यांदा मी. लई रडली. मीबी रडले. कुत्रं भुकलं तरी डावीकडं बघती, बांगडी वाजली तरी बघती. चुलीवर काय शिजतंय ते सगळं हिला पायजे."

मी पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. गोळा काढला. मधली रेघ डावीकडे बाक देऊन मारायला घेतली, तोवर ती उजवीकडे कोंबड्यामागे वळली होती. मी दुसरा गोळा काढला. ती पुन्हा डावीकडे. मग वर, लिंबाच्या फांदीकडे. कागदावर नुसते गोळेच गोळे झाले.

"काढा की," विहीणबाई म्हणाल्या.

"काढू कसं? एका जागी राहत नाही ना ती!"

"मग?" त्या शेंगांची टरफलं झटकत म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर सगळं केलं न्हवं का?"